शेवगा रोजच्या जेवणात कसा आणावा: पाला, शेंगा आणि पावडर, पोषणाच्या हिशेबासकट

शेवग्याच्या पाल्यात संत्र्याच्या सातपट जीवनसत्त्व क, दुधाच्या चौपट कॅल्शियम, गाजराच्या चौपट जीवनसत्त्व अ, केळ्याच्या तिप्पट पोटॅशियम आणि दह्याच्या दुप्पट प्रथिनं असतात, हे वाक्य पावडरीच्या कितीतरी डब्यांवर छापलेलं असतं. शेवगा कसा खावा याकडे वळण्याआधी या वाक्याची उलटतपासणी केलेली बरी. कारण त्यावर विसंबून लोक चिमूटभर पावडर पाण्यात ढवळून पितात आणि दिवसभराचं पोषण मिळालं असं समजून बाकीच्या जेवणाकडे दुर्लक्ष करतात.

हे सगळे पट अन्नघटकांच्या एका जुन्या भारतीय तक्त्याशी जुळतात. त्यात १०० ग्रॅम ताज्या पाल्यात २२० मिलिग्रॅम जीवनसत्त्व क आहे आणि संत्र्यात ३०, म्हणून सातपट. कॅल्शियम पाल्यात ४४० आणि गाईच्या दुधात १२०, म्हणून चौपट. पोटॅशियम पाल्यात २५९ आणि केळ्यात ८८, म्हणून तिप्पट. आता अमेरिकी कृषी खात्याचा तक्ता उघडा. तिथे पाल्यात जीवनसत्त्व क साधारण ५२ मिलिग्रॅम आहे आणि संत्र्यातही जवळपास तेवढंच. कॅल्शियम १८५, म्हणजे दुधाच्या दीडपट. पोटॅशियम ३३७, आणि केळ्यात ३५८. तिप्पट तर सोडाच, इथे केळंच किंचित पुढे आहे.

दोन्ही तक्ते प्रामाणिक आहेत. पाल्याचं वय, जात, माती, पाणी, तोडणीनंतर गेलेला वेळ आणि मोजण्याची पद्धत यांवर आकडा बराच हलतो, आणि जीवनसत्त्व क तर तोडल्यापासूनच कमी व्हायला लागतं. त्यामुळे पटींची भाषा बाजूला ठेवावी असं माझं मत आहे. ताटात किती पाला पडतो आणि त्यातून काय मिळतं, एवढंच बघावं. तसं बघितलं तरी शेवगा उत्तम पालेभाज्यांच्या पंगतीत वरच्या जागी बसतो, त्याला फुगवून सांगायची गरजच पडत नाही.

एका वाढणीतून खरोखर काय मिळतं

देठं काढून निवडलेला पाला एका मोठ्या मुठीत साधारण २० ते २५ ग्रॅम मावतो. शिजल्यावर तो इतका आळतो की दोन मुठी पाला एका माणसाला सहज खपतो. म्हणून ५० ग्रॅम हीच वाढणी धरू, आणि आकडे अमेरिकी तक्त्यातले घेऊ, कारण जीवनसत्त्व क आणि कॅल्शियम तो कमी दाखवतो.

एवढ्या कच्च्या पाल्यात साधारण ४.७ ग्रॅम प्रथिनं, ९० मिलिग्रॅम कॅल्शियम, २ मिलिग्रॅम लोह, २६ मिलिग्रॅम जीवनसत्त्व क आणि १८९ मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व अ असतं. शिवाय ०.६ मिलिग्रॅम जीवनसत्त्व ब६, म्हणजे प्रौढाच्या दिवसाच्या गरजेच्या जवळपास निम्मं. जीवनसत्त्व अ ची गरज ७०० ते ९०० मायक्रोग्रॅम धरली, तर चौथा हिस्सा याच एका वाढणीतून आला. कॅल्शियमची गरज साधारण १००० मिलिग्रॅम असते, म्हणजे त्यातला दहावा वाटा. ऊर्जा मात्र फक्त ३० ते ३५ कॅलरी.

प्रथिनांचा आकडा जरा थांबून बघण्यासारखा आहे. बहुतेक पालेभाज्यांत १०० ग्रॅमला २ ते ४ ग्रॅम प्रथिनं असतात. शेवग्याच्या पाल्यात ६ ते ९ ग्रॅम. एक कारण असं की हा पाला इतर पालेभाज्यांइतका पाणीदार नसतो, त्यात पाणी ७५ ते ८० टक्केच असतं. तरीही ५० ग्रॅम पाल्याने डाळीची किंवा अंड्याची जागा भरून निघत नाही. तो डाळीबरोबर खावा, डाळीऐवजी नको.

लोहाचा हिशेब तेवढा सरळ नाही. वनस्पतींतलं लोह शरीर तसंही कमी शोषतं, आणि पाल्यातली फायटेटं आणि पॉलिफेनॉल त्यात आणखी अडथळा आणतात. तक्त्यातले २ मिलिग्रॅम म्हणजे रक्तात पोचणारे २ मिलिग्रॅम नव्हेत. यावरचा उपाय शिजवण्याच्या पद्धतीत आहे, तो पुढे येईलच.

कॅल्शियमबाबत शेवग्याची बाजू पालकापेक्षा भक्कम आहे. पालकात कॅल्शियम असतं, पण ते ऑक्झलेटने इतकं बांधून ठेवलेलं असतं की त्यातलं फारच थोडं अंगी लागतं. शेवग्याच्या पाल्यात ऑक्झलेट पालकाच्या मानाने कमी असतं.

कोणता भाग कशासाठी

पाला हा या झाडाचा सगळ्यात पोषक भाग. शेंगा लोकांना जास्त आवडतात, पण त्यांचं काम वेगळं आहे. १०० ग्रॅम कच्च्या शेंगांत प्रथिनं २ ग्रॅम, कॅल्शियम ३० मिलिग्रॅम आणि लोह अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी. पण जीवनसत्त्व क तब्बल १४१ मिलिग्रॅम, आणि उकडल्यावरही त्यातलं ९७ च्या आसपास उरतं. शिवाय चोथा भरपूर. म्हणजे लोह-कॅल्शियमसाठी पाला, जीवनसत्त्व क साठी शेंग, आणि दोन्ही एकाच जेवणात आली तर शेंगेतलं क पाल्यातल्या लोहाला शोषून घ्यायला मदत करतं.

फुलं शिजवून खातात, त्यांना मंद गोडसर चव असते. फुलं तोडली की तेवढ्या शेंगा कमी येतात, म्हणून गळून पडण्याच्या बेताची फुलं वेचावीत.

जून बियांत ३५ ते ४० टक्के तेल असतं आणि त्यात सुमारे ७० टक्के ओलिक आम्ल, म्हणजे ऑलिव्ह तेलातलं मुख्य आम्ल. तेल चांगलं आहे, पण कच्च्या जून बिया रोज चावून खाण्याचा जो सल्ला फिरतो तो मी देणार नाही. त्या कडू आणि रेचक असतात आणि अनेकांना त्यांनी मळमळतं. कोवळ्या शेंगेतल्या मऊ बिया शिजवून खायला काहीच हरकत नाही.

मूळ आणि साल यांना स्वयंपाकघरात जागाच नाही. मुळाला तिखट झणका असतो, म्हणून काही ठिकाणी ते चटणीसारखं वापरलं गेलं. पण मुळांत आणि सालीत विषारी अल्कलॉइड असतात आणि गर्भाशय आकुंचन पावण्याचा धोका असतो. पाला खाण्याजोगा आहे, मग अख्खं झाडच औषधी असणार, हा तर्क इथे घातक ठरतो.

पाला निवडणं आणि धुणं

शेवग्याचा पाला लोक टाळतात तो बहुतेक वेळा निवडण्याच्या कंटाळ्यानं. एका पानाला मधला दांडा, त्याला फांद्या, त्या फांद्यांना आणखी बारीक काड्या आणि त्यांना नखाएवढी पानं, अशी रचना असते. काड्या शिजल्या तरी चिवटच राहतात आणि दातांत अडकतात, त्यामुळे त्या काढणं भाग आहे.

पाला कोवळा बघून घ्या. डहाळीच्या शेंड्याकडची फिकट हिरवी पानं पटकन शिजतात आणि कमी उग्र लागतात. खालची गडद पानंही चालतात, ती जास्त वेळ शिजवावी लागतात इतकंच. पिवळी पडलेली, काळे ठिपके असलेली किंवा जाळी झालेली पानं टाकून द्या. डहाळी उलटून पानांच्या मागची बाजू जरूर पाहा, अळ्या आणि त्यांची अंडी तिथेच सापडतात.

धुवायचं ते डहाळीसकट. सुटी पानं पाण्यात तरंगत बसतात आणि गाळणीला चिकटतात, डहाळी मात्र देठाला धरून पाण्यात नीट खळबळता येते. मोठ्या पातेल्यात दोन-तीन वेळा पाणी बदला. मग लिटरभर पाण्यात १० ग्रॅम मीठ घालून त्यात तीन ते पाच मिनिटं बुडवून ठेवा आणि शेवटी पुन्हा साध्या पाण्यातून काढा. मिठाने अळ्या सुटतात. फवारलेली औषधं मात्र मिठाच्या पाण्याने जात नाहीत, त्यामुळे पाला कुठून येतो हे माहीत असणं जास्त मोलाचं.

पानं खुडायच्या दोन रीती आहेत. घाई असेल तर मधल्या दांड्याच्या फांद्या मोडून घ्या, फांदीचं टोक एका हाताच्या चिमटीत धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं टोकाकडून बुडाकडे ओढा. पानं हातात येतात, काडी मागे राहते. घाई नसेल तर डहाळ्या धुऊन, पाणी निथळू देऊन, सुती कापडात सैलसर गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी कापड झटकलं की बरीचशी पानं आपोआप गळून पडलेली असतात. यात जीवनसत्त्व क थोडं जातं, पण अर्ध्या तासाची बोटमोड वाचते आणि त्यामुळे पाला आठवड्यातून दोनदा शिजणार असेल तर हा सौदा फायद्याचाच आहे. कापड ओलं मात्र नको, पाला काळा पडतो.

निवडलेला पाला कोरडा करून डब्यात, तळाला कोरडं कापड घालून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा.

शिजवताना

इथे चार गोष्टी सांभाळल्या की पोषणाचा बराचसा भाग पदरात पडतो.

पहिली गोष्ट चिरण्याची. शेवगा कोबी-मोहरीच्या गोतावळ्यातला आहे, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात एकाच गणातला. त्या भाज्यांसारखीच याच्या पानांत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं असतात. पान चिरलं की पेशींतलं मायरोसिनेज हे विकर त्यांना भेटतं आणि त्यातून आयसोथायोसायनेट तयार होतात. पाल्याचा किंचित झणका त्यांचाच, आणि दाह कमी करण्याच्या गुणासाठी संशोधक अभ्यासतात तीही हीच. विकर उष्णतेने निकामी होतं. म्हणून पाला आधी चिरून पाच-दहा मिनिटं ठेवावा आणि मगच भांड्यात टाकावा.

दुसरी, तेल किंवा तूप. पाल्यातलं जीवनसत्त्व अ हे बीटा कॅरोटीनच्या रूपात असतं, आणि ते आतड्यात शोषलं जायला सोबत स्निग्ध पदार्थ लागतो. वाढणीमागे एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, पुरतो. नुसता उकडलेला, तेलाचा थेंबही नसलेला पाला खाणारा माणूस यातला मोठा वाटा वाया घालवतो.

तिसरी, आंबट. लिंबू, टोमॅटो, किंवा क जीवनसत्त्व असलेलं कुठलंही फळ त्याच जेवणात असू द्या. लोह शोषलं जाण्यासाठी घरच्या घरी करता येणारा हा सर्वांत सोपा उपाय आहे. लिंबू भांडं उतरवल्यावर पिळावं. आणि जेवणाच्या अलीकडे-पलीकडे तासभर चहा-कॉफी टाळावी, कारण त्यातली टॅनिन लोहाला अडवतात. रक्त कमी असणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावं. पाला नेमाने खायचा आणि त्यावर लगेच चहा प्यायचा, तर हाती फारसं लागत नाही.

चौथी गोष्ट वेळ आणि पाणी. उकडल्याने जीवनसत्त्व क घटतं हे खरं, १०० ग्रॅमला ५२ वरून ३१ वर येतं. पण शिजवण्याचा दुसरा फायदाही आहे. तैवानमधल्या वर्ल्ड व्हेजिटेबल सेंटरच्या प्रयोगशाळेत असं दिसलं की शेवग्याचा पाला उकळल्यावर त्यातलं शोषणयोग्य लोह बरंच वाढतं. हा प्रयोग परीक्षानळीतला होता, माणसांवरचा नव्हे. तरी त्याचा कल पाला शिजवून खाण्याच्या बाजूचा आहे, आणि मीही त्याच बाजूचा. कोवळ्या पाल्याला पाच ते सात मिनिटं पुरतात, जून पाल्याला दहा-बारा. पाणी बेताचं घाला आणि उकळलेलं पाणी ओतून देऊ नका. पाण्यात विरघळणारी क आणि ब गटातली जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम त्याच पाण्यात उतरलेली असतात. पहिल्यांदा खाणाऱ्याला चव उग्र वाटली तर पाला अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून काढता येतो. थोडं पोषण जाईल, पण माणूस खाईल.

कशात घालावा? डाळ शिजून तयार झाली की शेवटच्या सात-आठ मिनिटांत पाला घाला. अंड्यात फेटून घाला, सूपमध्ये घाला, कणीक मळताना बारीक चिरून मिसळा, कांद्याबरोबर तेलात परता. पाल्याची चव डाळी आणि अंड्यांत चांगली मुरते. मोकळ्या भाजीत ती जास्त जाणवते, म्हणून नवख्याने सुरुवात डाळीपासून करावी. पहिल्या आठवड्यात एक मूठ, तेही दोन-तीन दिवसांआड. एकदम भरपूर खाल्ल्यास काहींना पोट सैल होण्याचा त्रास होतो.

शेंगांबद्दल थोडक्यात. शेंग हिरवी, करंगळीएवढी जाड आणि वाकवल्यावर ताणली जाणारी असावी. हाताला खडबडीत उंचवटे लागले तर आत बिया जून झाल्या आणि गरापेक्षा सालच जास्त निघणार. बोटाएवढे तुकडे करताना सुरी पूर्ण आरपार न नेता शेवटचा पदर ओढला की शिरा त्याबरोबर सुटून येतात. वाफेवर किंवा थोड्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं शिजवा. गर बोटाने दाबल्यावर सुटला की झालं, त्यापुढे शिजवलं तर गर पाण्यात विरघळतो आणि हाती नुसती सालपटं उरतात. लहान मुलांना आणि दात नसलेल्यांना गर चमच्याने खरवडून द्यावा.

वाळवून पावडर करायची असेल तर

पाला मिळेल तिथे ताजाच खावा. पावडर ही बिगरहंगामाची सोय आहे. पाणी उडाल्यामुळे तिचे आकडे मोठे दिसतात: १०० ग्रॅमला साधारण २५ ते २७ ग्रॅम प्रथिनं आणि २००० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. पण १०० ग्रॅम पावडर कुणीच खात नाही. एक लहान चमचा म्हणजे ३ ग्रॅम, आणि तो तयार होतो १२ ते १५ ग्रॅम ताज्या पाल्यापासून. म्हणजे चमचाभर पावडर ही अर्ध्या मुठीच्या पाल्याइतकीच, तीही क जीवनसत्त्व बहुतेक गमावलेली. त्यातून कॅल्शियम साधारण ६० मिलिग्रॅम मिळतं आणि प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत.

तरी नीट केलेली पावडर उपयोगी आहेच. ती अशी करावी:

१. वर सांगितल्याप्रमाणे पाला धुऊन पूर्ण निथळा. पंख्याखाली पसरून पानांवरचं पाणी उडालं की मगच पुढे जा, ओला पाला वाळण्याआधी आंबतो.

२. देठ-काड्या वेगळ्या करा. काड्या राहिल्या तर पावडर तंतुमय आणि खरखरीत होते.

३. जाळीवर किंवा स्वच्छ सुती कापडावर, शक्यतो एकाच थरात, हवेशीर सावलीत पसरा. उन्हात ठेवू नका. बीटा कॅरोटीन उजेडाने नासतं, आणि उन्हात वाळलेला पाला तपकिरी दिसतो तेव्हा ते नुकसान डोळ्यांनाही कळतं. वरून पातळ जाळीदार कापड झाका आणि दिवसातून दोनदा पाला हलवा. ड्रायर असेल तर तापमान ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका.

४. पान चुरगाळल्यावर कुरकुरीत आवाज करून तुटलं पाहिजे. नुसतं वाकत असेल तर ओल आहे. कोरड्या हवेत तीन-चार दिवस लागतात. दमट हवेत सावलीत वाळवणं जमत नाही, पाल्याला वास येतो. अशा वेळी ड्रायर वापरा, नाहीतर पावडरीचा नाद सोडून पाला ताजाच शिजवा.

५. मिक्सरमध्ये थोडा थोडा फिरवा. भांडं गरम व्हायला लागलं की थांबा. चाळून घ्या, आणि पावडर गार झाल्यावरच बंद करा.

६. हवाबंद, उजेड न शिरणाऱ्या डब्यात, थंड जागी ठेवा. सहा महिन्यांत संपवा. चमचा नेहमी कोरडा.

एक किलो पावडरीला, काड्या काढल्यानंतरचा चार ते पाच किलो पाला लागतो. हे प्रमाण लक्षात असलं की फार स्वस्त विकल्या जाणाऱ्या पावडरीत काड्या किंवा दुसरंच काही दळलेलं असण्याची शंका आपोआप येते.

पावडर अन्नावर शेवटी भुरभुरायची असा सल्ला असतो, उष्णतेने जीवनसत्त्वं जाऊ नयेत म्हणून. माझा आग्रह उलटा आहे. ती डाळीत किंवा सूपमध्ये घालून दोन-तीन मिनिटं चांगली उकळावी. वाळवलेल्या पाल्यावर जंतू मरत नाहीत, ते नुसते पडून राहतात. २०२५ मध्ये अमेरिकेत शेवग्याच्या पानांच्या पावडरीतून साल्मोनेला या जंतूची लागण झाल्याचं आढळलं आणि माल परत मागवावा लागला. जी पावडर थंड पाण्यात किंवा स्मूदीत कच्ची पोटात जाते, तिच्याबाबत हा धोका खरा आहे. विकत घेताना रंग तपासा: ताजा हिरवा हवा. पिवळट-तपकिरी म्हणजे उन्हात वाळवलेली किंवा जुनी. वास गवतासारखा असावा, कुबट नको. जंतूंची आणि जड धातूंची तपासणी केल्याचं लेबलवर असेल तर ती आधी निवडा.

मधुमेह, रक्तदाब, दूध वाढणं: दावे कुठवर खरे

शेवग्याच्या पानांत क्वेर्सेटिन, क्लोरोजेनिक आम्ल आणि वर सांगितलेली आयसोथायोसायनेट आहेत. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर त्यांचे चांगले परिणाम दिसतात. माणसांवरच्या चाचण्या मात्र थोड्या, लहान आणि कमी मुदतीच्या आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या एका चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना बारा आठवडे रोज २४०० मिलिग्रॅम वाळलेला पाला कॅप्सूलमधून दिला. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) हे दोन्ही आकडे बिनऔषधी कॅप्सूल घेणाऱ्यांच्या तुलनेत बरे राहिले, दाहाच्या निर्देशकांत फरक पडला नाही. हे आशादायक आहे. पण या बळावर औषध बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ.

बाळंतिणीचं दूध वाढण्याबाबत फिलिपाइन्समध्ये छोट्या चाचण्या झाल्या आणि त्यांचा कौल शेवग्याच्या बाजूने आहे. बाळंतपणानंतर शिजवलेला पाला खाणं पोषणाच्या दृष्टीने तसंही चांगलंच, त्यामुळे इथे नुकसान नाही. फक्त दूध कमी पडत असेल तर पहिला उपाय म्हणजे बाळाला वारंवार आणि नीट पाजणं, पाला त्याच्या जोडीला.

कर्करोग बरा होतो, तीनशे रोग पळतात, असं कुणी सांगत असेल तर त्याची पावडर घेऊ नका.

कोणी जपून खावा

भाजी म्हणून शिजवलेला पाला आणि शेंगा बहुतेकांना निर्धोक आहेत. काळजी मुख्यतः पावडर, कॅप्सूल आणि अर्क रोज घेणाऱ्यांनी करायची.

रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी सगळ्याच हिरव्या पालेभाज्यांप्रमाणे शेवगाही सांभाळून खावा, कारण पाल्यात जीवनसत्त्व के भरपूर असतं. खाणं बंद करायची गरज नसते, प्रमाण मात्र आठवड्यागणिक सारखं ठेवावं आणि डॉक्टरांना सांगावं. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असताना पावडर रोज सुरू केली तर दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन साखर किंवा दाब जास्त उतरू शकतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी पावडर-कॅप्सूलच्या आधी डॉक्टरांना विचारावं. मूत्रपिंडाचा आजार असून पोटॅशियमवर बंधन असेल तर पाला आणि पावडर दोन्ही आहारतज्ज्ञाला विचारूनच.

गरोदरपणात भाजीच्या प्रमाणात शिजवलेला पाला आणि शेंगा चालतात. मूळ, साल आणि त्यांचे अर्क अजिबात नकोत, आणि कॅप्सूलही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. गर्भवतीची लोह-फॉलिक आम्लाची गोळी पाल्याने टळत नाही. १०० ग्रॅम पाल्यात फॉलेट फक्त ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, गरज त्याच्या कितीतरी पट आहे.

बाळाला सहा महिन्यांनंतर, वरचं अन्न सुरू झाल्यावर, चांगला शिजवून वाटलेला पाला डाळीत अर्धा चमचा इतक्यापासून द्यावा. कुपोषित मुलाला नुसती पावडर देऊन भागत नाही. त्याला आधी पुरेशा कॅलरी, तेल-तूप आणि प्रथिनं लागतात, आणि पाला त्यांच्या जोडीला.

पाल्यासाठी झाड वाढवायचं असेल तर

जागा आणि ऊन असेल तर हे झाड फारसं काही मागत नाही. बी एक-दोन आठवड्यांत उगवतं. हिवाळ्यात कडाका पडणाऱ्या प्रदेशात मोठ्या कुंडीत लावून थंडीत आत घ्यावं. पाणी साचणारी जमीन मात्र त्याला मुळीच सोसत नाही, मुळं कुजतात.

शेंगांसाठी वाढवलेलं झाड आणि पाल्यासाठी वाढवलेलं झाड यांची छाटणी निराळी. पाल्यासाठी रोप मीटरभर उंच झालं की शेंडा खुडावा. बाजूने फांद्या फुटल्या की त्यांचेही शेंडे खुडावेत, म्हणजे झुडूप दाट होतं आणि पाला हाताशी राहतो. पुढे दर पाच-सहा आठवड्यांनी फांद्या छाटून पाला घ्यावा. छाटणी टाळली तर झाड सरळ वर निघून जातं, पाला शेंड्याला राहतो आणि लाकूड ठिसूळ असल्याने वाऱ्यात फांदी मोडते. पाला सकाळी ऊन चढण्याआधी तोडावा आणि त्याच दिवशी शिजवावा.